देवडीतली अक्रोडाची फळी आणि अन्सार मिस्त्री

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबलचक दिवाणखाना दिसतो. डाव्या हाताला तीन उंच खिडक्या. त्यांच्या रंगीत काचांपैकी दोन फुटलेल्या, आणि तिथं वर्तमानपत्राचे कागद खळीनं चिकटवलेले. उजव्या हाताला दप्तरांची पोती. मधोमध एक टेबल, त्यावर नवीकोरी दौत. काळ, जानेवारी १९५०. स्थळ, औरंगाबाद, शहागंजापासून थोडं आत असलेली एका नवाबाची देवडी, म्हणजे वाडा. सकाळी दहाची उन्हं खिडकीतून तिरपी येऊन समोरच्या भिंतीवर पडली आहेत, आणि त्या उजेडात एक काळपट कोरीव फळी उभी आहे. छातीएवढ्या उंचीची, आणि एक धिप्पाड माणूस आडवा झोपला तरी पुरून उरेल एवढ्या लांबीची.

फळीसमोर एक माणूस आपल्याकडं पाठ करून उभा आहे. खांद्याला हत्यारांची पिशवी. चपला त्यानं दाराबाहेर काढून ठेवल्या आहेत. आता तशी सक्ती करणारं तिथं कुणी उरलेलं नाही, पण तीस वर्षांची सवय.

टेबलामागचा अधिकारी विचारतो, "किती दिवस लागतील, मिस्त्री?"

"कशाला, साहेब?"

"हे सगळं सपाट करायला."

तो माणूस वळत नाही. नाटकात अशी जागा आली की आम्ही मनात पाचपर्यंत मोजायचो. मी त्या दिवशी बारापर्यंत मोजलं.

हा माणूस म्हणजे अन्सार मिस्त्री. मी खिडकीपाशी उभा होतो, आणि तिथं मी गेलो होतो एक सिंहासन मागायला. आमची नाटक कंपनी तेव्हा औरंगाबादेत डेरा टाकून होती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाची राजवट संपली त्याला सव्वा वर्ष झालं होतं, देवडीचे नवाबसाहेब कुटुंबासह कधीच निघून गेले होते आणि देवडी सरकारच्या ताब्यात आली होती. जुन्या खुर्च्या निकालात निघणार असं कानावर आलं, म्हणून मी गेलो. अधिकाऱ्याला नाटकांचा शौक होता, त्यानं मला बसवून घेतलं होतं.

अन्सारची आणि माझी ओळख त्याआधीची. कंपनीचे मुकुट, गदा, तलवारींच्या मुठी तोच करून द्यायचा. मुकुट तो पांगाऱ्याच्या लाकडाचे करायचा, कारण पांगारा हलका. "राजे, तुमची मान लई बारीक," तो मला म्हणायचा. "सागवानाचा मुकुट घातला तर दुसऱ्या अंकात तुम्ही वजीर व्हाल." मी राजांच्या भूमिका करायचो, म्हणून त्यानं मला 'राजे' हे नाव दिलं होतं, आणि रस्त्यात भाजी घेत असलो तरी तो मोठ्यानं 'राजे' अशीच हाक मारायचा. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, दाढीत कायम भुसा. उजव्या हाताचा अंगठा पटाशी धरून धरून बाहेरच्या बाजूला वळलेला. जुन्या बाजारात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरात त्याची बायको जोहरा. मूल नव्हतं. जोहराचा भाऊ एका खेड्यात होता. ॲक्शनच्या त्या आठवड्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. त्याचं नाव निघालं की जोहरा उठून चुलीपाशी जायची, आणि आम्ही दोघं दुसरं काहीतरी बोलायला लागायचो.

आता त्या फळीबद्दल सांगतो, कारण अन्सारचं आयुष्य सांगायचं तर ती सांगावीच लागते.

नवाबसाहेबांच्या वडिलांनी विलायतेच्या सफरीत ती इटलीतून आणली होती. तिकडं साडेचारशे वर्षांपूर्वी कलांना नवा बहर आला, प्रबोधनकाळ म्हणतात तो, त्या काळातली. अक्रोडाच्या तीन फळ्या एकमेकींत बसवून एक केलेली, आणि तिच्यावर उठावाचं काम. मधे उंच आसनावर एक सत्ताधीश. पायाखाली सिंह, जीभ बाहेर काढलेला. डोक्यावर पंख पसरलेला गरुड. दोन पंखवाली बाळं पानांचा हार घेऊन त्याच्याकडं उडत येताहेत. उजव्या कोपऱ्यात हरलेल्यांची शिरस्त्राणं आणि ढाली एकावर एक पडलेल्या. आणि डावीकडून गुडघ्यांवर रांगत येणारी शहरातली प्रतिष्ठित माणसं. त्यांतला पहिला एका तबकात वेशीची किल्ली घेऊन पुढं झालेला.

पंचविशीत असताना अन्सारला ती दुरुस्तीला मिळाली. भिंतीला ओल होती, वाळवी लागली होती. सात महिने तो त्या फळीसमोर बसला. आपलं सारं शिक्षण त्या सात महिन्यांत झालं, असं तो म्हणायचा. एकदा त्यानं माझा हात धरून त्या सत्ताधीशाच्या छातीवर ठेवला. "बघा राजे, हा किती वर आलाय. चार बोटं. आता ह्या रांगणाऱ्यांवर हात फिरवा. अर्ध्या बोटाचे बी नाय. फळी एकच. त्याला मोठं करायला वरून काय चिकटवलं नाय कुणी, ह्यांच्यातलं लाकूड काढलंय." मी आयुष्यभर राजे केले, पण राजा कसा होतो हे मला त्या दिवशी एका सुतारानं दाखवलं.

वाळवीनं दोन जागा पार खाल्ल्या होत्या. एक, त्या सत्ताधीशाचं डोकं. दुसरी, किल्ली घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा. जुन्या कामात अशी खाल्लेली जागा मोकळी ठेवायची नाही, भरायची, आणि काय भरायचं ते मालकानं सांगायचं, अशी त्यांच्या धंद्यातली रीत. नवाबसाहेब म्हणाले, आमच्या घरात परक्याचं डोकं कशाला. तेव्हा अन्सारनं त्या इटलीच्या धडावर नवाबसाहेबांचा चेहरा बसवला, आणि वर हैदराबादी पगडी, दस्तार. नवाबसाहेब खूश झाले.

दुसऱ्या चेहऱ्याचं काय, ते कुणी सांगितलं नाही. रांगणाऱ्या माणसाला कोण विचारतो. त्या आठवड्यात देवडीच्या पायऱ्यांवर एक पाटील येऊन बसला होता. जमिनीच्या मोजणीचं काही गाऱ्हाणं होतं. तीन दिवस त्याला आत बोलावणं आलं नाही. अन्सार काम करायचा तिथून खिडकीतून तो समोरच दिसायचा. रुंद कपाळ, खोल डोळे, डाव्या भुवईवर एक जुनी खोक. अन्सारला तो चेहरा आवडला. त्यानं सागवानाचा तुकडा घेतला, बाभळीच्या सालीच्या काढ्यात रंगवून अक्रोडाच्या जवळपास आणला, आणि समोर बघून बघून तो चेहरा कोरला. खोकेसकट. त्या माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उठून गेला, आणि परत कधी दिसला नाही.

आता परत त्या सकाळकडं येऊ.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. सव्वीस जानेवारीला त्या दिवाणखान्यात समारंभ व्हायचा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं मराठी शाळा भरणार होती. त्या भागातली पहिलीच. शाळेला फळा पाहिजे होता. भिंतीवर एवढी मोठी फळी आयती होती, आणि तिच्यावर दस्तार घातलेला नवाब लोकांच्या हातून किल्ली घेत होता.

"साहेब, ही नवाबाची नाय," अन्सार म्हणाला. "ही इटलीची आहे. नवाबाच्या खापरपणज्याच्या आधीची."

"मग डोक्यावर दस्तार इटलीची आहे का?"

"ती मी घातली."

"तुम्ही घातली, तर तुम्हीच काढा."

"काढतो. डोकं काढतो, बाकी राहू द्या. फळा मी देतो. माझ्या घरी आंब्याची फळी आहे, रंध्यानं आरसा करून देतो. उद्याच्या उद्या."

"डोकं काढलं तरी माणसं गुडघ्यावरच राहतात ना, मिस्त्री. पोरं रोज हेच बघत शिकणार का?"

मी मधे पडून म्हणालो, कंपनी ही फळी घेईल. अधिकाऱ्यानं मान हलवली. जुन्या सत्तेची चिन्हं बाहेर द्यायची नाहीत, असा हुकूम होता. पण तो जरा नरमला. म्हणाला, "इथल्या शाळेच्या समितीवर काकासाहेब आहेत. ही वस्तू परदेशी आहे, नवाबाची नाही, असं त्यांनी लिहून दिलं, तर मी उतरवून गोदामात टाकीन. मला भिंत मोकळी झाली की झालं. तेवीस तारखेपर्यंत सांगा."

त्या दिवशी वीस तारीख होती.

काकासाहेब म्हणजे वेरूळकडचे एक पाटील. रझाकारांनी त्यांचं घर जाळलं होतं. त्यांनी सरहद्दीवरच्या छावणीत वर्ष काढलं होतं, त्याआधी तुरुंगात दीड वर्ष. आता ते पडेगावला राहत होते, आणि शहरात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तुरुंगात त्यांचे दोन दात गेले होते, त्यामुळं ते हसले की तोंडावर हात धरायचे.

दिवाणखान्याबाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही विचार केला. म्हणजे अन्सार नुसता बसला होता, विचार मी केला. आणि इथं मला माझा दोष लिहिलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यातून झालं.

मी म्हणालो, "अन्सारभाई, नुसतं बोलून पटणार नाही. तू नवाबाचा मिस्त्री. तू म्हणशील इटलीची, ते म्हणतील याला नवाबाचा पुळका. हातात काहीतरी पाहिजे. रंगमंचावर पत्र नसलं की निरोप खोटा वाटतो."

"डोकं घेऊन जाऊ का?"

"नवाबाचं डोकं काकासाहेबांच्या दारात? वेडा की काय. तो दुसरा तुकडा काढ. त्या किल्लीवाल्याचा. सागवान आणि अक्रोड दोन्ही दाखव. नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे आंधळ्यालाही कळेल."

त्याला ते पटलं. माझं बोलणं लोकांना पटायचं, तोच माझा धंदा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गरम पाण्यात फडकं भिजवून त्या चेहऱ्याभोवती शेक दिला. तुकडा चिकटवलेला सरस मऊ झाला. मग पातळ पटाशी फटीत घालून हलकेच, दाढेत अडकलेली सुपारीची फोड काढावी तसा, तुकडा बाहेर काढला. ओंजळीत मावेल एवढा. पंचवीस वर्षांनी हातात आला, तर त्यानं आधी मागची बाजू पाहिली, वाळवी लागली आहे का ते. मग पुढून पाहिलं. "बरा उतरला होता," एवढंच म्हणाला. अक्रोडाची एक ढलपी आणि तो चेहरा त्यानं जोहराच्या जुन्या ओढणीत बांधले. नवाबाचं डोकंही त्यानं काढलं, ते तिथंच दप्तरांच्या पोत्यांमागं ठेवलं.

टांग्यातून पडेगावला जाताना ते गाठोडं अन्सारच्या मांडीवर होतं. पाणचक्की मागं पडल्यावर म्हणाला, "राजे, ही फळी गेली तर माझ्यापाशी दाखवायला काय राहत नाय. मुकुट म्हणाल तर पांगाऱ्याचे, दोन पावसाळे टिकत नाय. दारं-चौकटी कुणी बी करतं. मी काय शिकलो ते त्याच्यावर लिहिलेलं आहे. मला वाचता येत नाय, पण ते येतं."

"काकासाहेब समजूतदार आहेत," मी म्हणालो.

"व्हय. समजूतदार माणसाचीच भीती वाटते. त्याला पटवावं लागतं."

काकासाहेब ओसरीवर बसले होते. पलीकडं त्यांची आई चतुराबाई सुपात तूर पाखडत होती. सत्तरीची, कपाळावर गोंदण, कुंकू नाही. काकासाहेबांनी मला ओळखलं.

"या, नाटकवाले. काय, आम्हाला बी काम देता का? कैद्याचं द्या, पाठ आहे."

"तुम्हाला राजाचं देऊ."

"नको, राजे लई झाले." त्यांनी तोंडावर हात धरला. मग अन्सारकडं पाहिलं. "हे कोण?"

अन्सारनं आपलं नाव सांगितलं, देवडीचं काम सांगितलं. त्यानं सगळं नीट मांडलं. फळी कुठली, किती जुनी, वाळवी कशी लागली, भरणी कशी केली. काकासाहेब मधे मधे हुंकार देत होते. एकदा म्हणाले, "म्हणजे हा जुलमी तिकडचाच आहे, आमचा नाय."

"तिकडचाच, मालक. आपला नुसता मुंडासं बदलून बसलेला."

काकासाहेब हसले. मला वाटलं, जिंकलं. प्रेक्षक एकदा हसले की अर्धा प्रयोग हातात येतो.

"पुरावा आणलाय, दाखव," मी अन्सारला म्हणालो.

त्यानं ओढणी सोडली, ढलपी आणि चेहरा ओसरीच्या कडेला ठेवले. "हे अक्रोड. आणि हे सागवान, माझ्या हातचं. वास घेऊन बघा."

काकासाहेबांनी ढलपी उचलली. चतुराबाईंनी मान वर केली. सूप खाली ठेवून त्या बसल्या जागेवरून सरकत पुढं आल्या. त्यांनी तो चेहरा उचलला, उजेडाकडं धरला आणि डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही खोक ढवळ्याच्या शिंगाची," त्या म्हणाल्या. "पोळ्याला लागली होती. मीच हळद भरली."

काकासाहेबांनी ढलपी खाली ठेवली.

"काका, हे तुझे तात्या."

काकासाहेबांच्या वडिलांना जाऊन चोवीस वर्षं झाली होती. त्यांचा एकही फोटो कधी निघाला नव्हता. घर जळलं त्यात त्यांचं पागोटं, काठी, सगळं गेलं होतं. काकासाहेबांनी आईच्या हातातून चेहरा घेतला नाही, नुसते वाकून बघत राहिले. त्यांच्या वडिलांना सगळे तात्यासाहेब म्हणायचे, हे मला नंतर कळलं. अन्सारलाही त्या माणसाचं नाव त्या ओसरीवर पहिल्यांदा कळलं.

"कुठं बघितलंस त्यांना?" काकासाहेबांनी विचारलं.

"देवडीच्या पायऱ्यांवर. तीन दिवस बसले होते. मोजणीचं काम होतं."

"होतं. झालं नाय ते काम. तिथून आले आणि अंथरुणावर पडले. आत घेतलं नाय, पाणी विचारलं नाय, एवढंच बोलायचे." काकासाहेब त्याच्याकडं वळले. "हे तोंड त्या फळीवर कुठं बसवलं होतंस?"

मी डोळ्यांनी अन्सारला खुणावलं. काहीही सांग, असं सांगत होतो मी त्याला. कोपऱ्यात होतं म्हण, सैनिक होता म्हण. पण तो माझ्याकडं बघत नव्हता.

"किल्ली घेऊन येतो, त्या माणसाला."

"तो उभा आहे का?"

"नाय. गुडघ्यावर."

"कुणापुढं?"

अन्सार ओढणीची घडी घालायला लागला.

"दस्तार घातलेल्यापुढं," काकासाहेबच म्हणाले. "आत घेतलं नाय, पण भिंतीवर घेतलं. पंचवीस वर्षं माझा बाप तिथं गुडघ्यावर होता, आणि नवाबाचे पाहुणे शरबत पीत बघत होते."

"मालक, गुडघे माझे नाय. गुडघे साडेचारशे वर्षांचे आहेत. तोंड तेवढं माझं."

"तू अपमान करायला केलं नाय, हे मला दिसतंय. असं तोंड रागानं कुणी करत नाय."

"नाय, मालक. खुदा कसम."

"मग तोंड आमच्याकडं राहू दे. गुडघे जाऊ देत."

त्यांनी आवाज चढवला नाही. अन्सार पुढं सरकून त्यांच्या पायांशी वाकायला लागला, तर काकासाहेबांनी झटकन त्याचे दोन्ही दंड धरून त्याला उभं केलं. "हे नको," ते म्हणाले. "हेच नको." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यामुळं आमचं सगळं संपलं, हे मला कळलं. चिडलेल्या माणसाकडं उद्या परत जाता येतं.

चतुराबाई तोवर चेहरा पदरात घेऊन घरात गेल्या होत्या. आम्ही निघालो तेव्हा बाहेर येऊन त्यांनी अन्सारच्या हातावर गूळ ठेवला. "माझ्या धन्याला घरी आणलंस," त्या म्हणाल्या. अन्सारनं तो गूळ खाल्ला नाही, टाकलाही नाही. घरापर्यंत मुठीत धरून होता, जोहरानं त्याची बोटं उघडून काढला.

तेवीस तारखेला अधिकाऱ्यानं विचारलं, दुसरा सुतार बोलावू का. अन्सार म्हणाला, नको. मला वाटलं होतं तो घरी बसून राहील. मी तसं म्हणालोही. "दुसरा वाकसानं फोडील," तो म्हणाला. "फळ्यांचे सांधे निघतील. मग फळा बी व्हायचा नाय, आणि ते बी राहायचं नाय."

फळी उतरवून दोन लाकडी घोडींवर आडवी ठेवली. मी दोन्ही दिवस तिथं बसलो. कंपनीची तालीम होती, मी गेलो नाही. त्यानं आधी आसनावरचं बिनडोक्याचं धड घेतलं. रंधा तिथं चालत नव्हता, म्हणून रुंद पटाशी आणि ठोकायला लाकडी मोगरी. छाती गेली, गुडघ्यावरचा हात गेला. गरुडाचे पंख लांब ढलप्यांत निघाले. सिंहाच्या जिभेपाशी तो थांबला, तिच्यावर अंगठा फिरवला, आणि मग तीही उडवली. दुपारी जोहरा भाकरी घेऊन आली. दारातून आत बघून तिनं डबा माझ्याकडं दिला आणि परत गेली. संध्याकाळपर्यंत आसन रांगणाऱ्या माणसांच्या पातळीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी रंधा चालला. त्याच्या पाठीवरचा सदरा घामानं काळा झाला होता आणि तो एकदाही बसला नाही. रांगणारी माणसं उथळ होती, तरी त्यांना वेळ लागला, कारण तिथं लाकूडच कमी होतं आणि तो फार जपून कापत होता. चेहऱ्याच्या जागी खळगा राहिला. त्यात त्यानं सागवानाचा कोरा तुकडा बसवला आणि वरून रंधा मारला.

खाली ढलप्यांचा ढीग पडला होता. त्यात एका पंखवाल्या बाळाची टाच मला ओळखू आली. मी ती उचलून खिशात घालायला गेलो.

"टाका, राजे," तो म्हणाला. "हुकूम आहे."

सव्वीस तारखेला फळा काळा रंगवून भिंतीवर होता. समारंभाला मी गेलो. राष्ट्रगीत झालं, काकासाहेब बोलले. चांगलं बोलले. दुसऱ्या दिवसापासून तिथं मुलं अक्षरं गिरवू लागली. त्या शाळेत शिकलेली माणसं आज शहरात मोठमोठ्या जागांवर आहेत, त्यांतली काही माझ्या ओळखीची आहेत. ती शाळा व्हायला नको होती, असं मला कधी वाटलं नाही. आंब्याच्या फळीवरही ती झाली असती, एवढंच मला वाटतं, आणि हे मी त्यांच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही.

अन्सारनं त्यानंतर उठावाचं काम केलं नाही. मी सिंहासन मागितलं, तर त्यानं सपाट पाठीचं करून दिलं. पहिल्याच प्रयोगात पिटातून कुणीतरी ओरडलं, राजा तहसीलीत बसलाय का. मी त्याला ते सांगितलं, वाटलं हसेल. तो म्हणाला, "बरोबर बोलला तो." मी एकदा लाकूड आणि जुनी चित्रं घेऊन गेलो, नुसता एक सिंह कर म्हणालो. त्यानं पटाशी लाकडावर टेकवली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग उठून पटाशी पिशवीत ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर मी आग्रह केला नाही. खाटांचे पाय, चौकटी, शाळांचे बाक, हेच तो करत राहिला. काकासाहेबांनी दोनदा बोलावणं पाठवलं, घराच्या दाराला गणपती कोरून दे म्हणून. हा गेला नाही. राग नव्हता, मला ठाऊक आहे. त्या घरात गेलो तर ते तोंड दिसेल, असं तो म्हणाला.

सत्तावन्न साली त्याचा दमा बळावला. आयुष्यभराचा भुसा छातीत बसला होता. आमची कंपनी तोवर मोडली होती, मी पैठणला एका शाळेत नाटकं बसवत होतो. जोहरानं निरोप पाठवला तेव्हा एसटीनं निघालो. दुपारी तीनला जुन्या बाजारात पोचलो. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता, श्वास शिटीसारखा वाजत होता. मला बघून त्यानं हात किंचित वर केला, मुकुट घातल्यासारखा.

मी त्याच्या पायांपाशी बसलो. जोहरानं चहा आणला. मग माझ्याच्यानं राहवलं नाही, सात वर्षं मनात होतं ते मी बोललो. म्हणालो, "अन्सारभाई, तो चेहरा काढ असं मी सांगितलं नसतं, तर फळी आज गोदामात असती."

त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, ऐकलं नाही. जोहरानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो बोलला, दोन श्वासांत एक शब्द असं. ते त्याचं शेवटचं बोलणं. संध्याकाळच्या अजानीच्या आधी तो गेला. तो म्हणाला,

"काकासाहेबांना सांगा, तात्यांच्या तोंडाला वरसातून एकदा जवसाचं तेल लावत जा म्हणावं. सागवान आहे ते, नाय तर कानापाशी चिरंल."